चेहरा त्याचा, फोटो माझा

ज्यांग वर पोचला तेव्हा मेलेल्या माणसाचा ट्रायपॉड त्याच्या आधी तिथे उभा होता.

रुइलान शेजारच्या दगडावर पुस्तक उघडून बसली होती. म्हाताऱ्याची धाप तिला खालच्या वळणापासून ऐकू येत होती. पावलं एकाएकी थांबली, तेव्हा मान वर न करताही तिला कळलं की त्याने पाहिलं. न ओळखण्यासारखा तो ट्रायपॉड नव्हताच. एका पायाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, आणि वाऱ्यात हलू नये म्हणून मधल्या दांड्याला दगडांनी भरलेली नायलॉनची पिशवी टांगलेली.

“कुणाचा हा?” ज्यांगने विचारलं.

“तुम्हाला माहीत आहे, काका.”

“मो मेला.”

“हो. मी तिथेच होते.”

ज्यांगने पाठीवरची बॅग खाली ठेवली. साखर कारखान्याचे ट्रक चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि अजूनही तो मध्ये इंजिन सुरू असल्यासारखाच बोलायचा. “मेलेल्या माणसाला जागा लागत नाही. उचल.”

“उचलते. मूळ फोटो द्या, लगेच उचलते.”

“कुठला फोटो?”

“कुठला ते विचारू नका.”

त्या डोंगरावर लिहिलेला नियम एकही नव्हता आणि न लिहिलेला एकच होता. ज्याचा ट्रायपॉड आधी, त्याची जागा. माणूस जेवायला खाली उतरू दे, झुडपाआड जाऊ दे, नाहीतर दुपारभर घोरत पडू दे, उभ्या ट्रायपॉडला दुसऱ्याने हात लावायचा नाही. भांडणं व्हायची, आईबाप उद्धरले जायचे, एकदा तर कुणी कुणाच्या लेन्सचं झाकण दरीत भिरकावलं होतं. पण ट्रायपॉडला कुणी शिवलं नव्हतं.

भांडणाचं कारण समोरच होतं. नदीपलीकडे दोन सुळके होते, गावात त्यांना बैलशिंगं म्हणत. वसंतात आणि शरदात मिळून वर्षातले मोजके दिवस सूर्य नेमका दोन शिंगांच्या मधून उतरायचा. ते नेमकेपण खडकाच्या या नाकाडावरूनच मिळायचं, आणि नाकाड इतकं अरुंद की माणसांना शेजारी शेजारी उभं राहता येत नसे, एकामागे एक राहावं लागे. पुढे कठड्याशी रुइलानचे बाबा, सगळ्यांचा लाओ मो, म्हणजे म्हातारा मो. त्याच्या मागे, जरा उंच पायरीवर, लाओ ज्यांग. मोचं घर पायथ्याशीच, त्यामुळे पहिला नेहमी तोच. गावच्या छायाचित्रकार मंडळातले बाकीचे लोक बाजूच्या उतारावर पसरायचे. त्यांना शिंगं तिरकी मिळायची आणि त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

दोघांचं वैर एका फांदीवरून सुरू झालं. कठड्याजवळच्या पाइनची एक फांदी मोच्या चौकटीत वरून यायची, शिंगांवर कुणी भुवई काढावी तशी. ज्यांगच्या चौकटीत तीच फांदी सूर्याच्या तोंडावर यायची. एका सकाळी फांदी नव्हती. राहिला होता तो करवतीने स्वच्छ कापलेला खुंट. त्या दिवसापासून मो वेताची उंच टोपी घालून येऊ लागला. सूर्य शिंगांत शिरेपर्यंत तो खाली बसून राहायचा आणि शिरला की उभा राहायचा. बरोबर तेव्हाच. ज्यांग मागून शिव्या घालायचा, मो वळून त्याहून मोठ्याने घालायचा, आणि ज्यांग दुसरं काही हातात नाही म्हणून त्याच्या तोंडावर फ्लॅश मारायचा. फ्लॅश मारायचा म्हणजे बटण दाबायचं. बटण दाबलं की फोटो निघायचाच.

असा तो फोटो निघाला होता.

घरात रुइलानच्या बाबांचा धड एकही फोटो नव्हता. दर शरदात ते आसपासच्या गावांत निळा पडदा आणि एक स्टूल घेऊन जायचे आणि म्हाताऱ्यांचे फोटो काढायचे, पुढे भिंतीवर आणि कबरीच्या दगडावर लागतात ते. असा फोटो वेळेआधी काढून ठेवणं शुभ, म्हणून म्हातारी माणसं केस चापून, नवा सदरा घालून, आपापसांत थट्टा करत रांगेत बसायची. स्वतःचा मात्र बाबांनी काढला नाही. “मला कसली घाई,” म्हणायचे. हिवाळ्यात तीन दिवसांच्या तापात गेले.

दगड घडवणाऱ्याने मग ओळखपत्रावरचा फोटो चिनी मातीच्या तबकडीवर भाजून आणला. आईने तो पाहिला आणि तबकडी टेबलावर पालथी ठेवली. “हा कोण? हा वीज तोडायला आलेला माणूस आहे.”

त्याच आठवड्यात बाबांचा फोन वाजला. मंडळाचा ग्रुप होता. पावसाला वैतागून कुणीतरी बाबांचा चेहरा टाकला होता. भुवया चढलेल्या, तोंड वासलेलं, डोक्यावर वेताची टोपी, आणि खाली जाड लाल अक्षरांत: बाजूला हो. हा स्टिकर ज्यांगने केव्हातरी बनवला होता. ढग, पर्यटक, ड्रोन उडवणारी पोरं, ज्याला म्हणून हाकलायचं असेल त्याच्यासाठी ग्रुपवर बाबांचा चेहरा टाकायची पद्धतच पडली होती. ते गेल्यावर ती बंद करावी असं कुणाला सुचलं नव्हतं.

रुइलान नान्निंगला एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका शोधण्यात तिची अर्धी नजर गेली होती. या चुकीपुढे कुठली खूण करायची ते तिला कळेना. तिने फोन पालथा घालण्याआधीच आईने तो ओढून घेतला. आई बराच वेळ बघत राहिली.

“हे,” आई म्हणाली. “हे तुझे बाबा. ती अक्षरं पुसायला सांग आणि हे लाव.”

“आई, ते शिव्या देताहेत.”

“मग? जेवायला कधी ये म्हणाले ते दुसऱ्या आवाजात?”

दगड घडवणाऱ्याने स्टिकर पाहून मान हलवली. “नखाएवढा आहे, बाई. मोठा केला की नुसते चौकोन. मूळ फाइल आणा. आणि छिंगमिंगच्या सणाआधी आणा. एकदा लोक कबरी झाडायला निघाले की मला पाणी प्यायला सवड नाही.”

तिने ज्यांगला निरोप लिहिला. दोनदा वाचून, एक विशेषण काढून, मगच पाठवला. उत्तरात एकही शब्द नव्हता. बाबांचा चेहरा तेवढा आला. बाजूला हो.

म्हणून ती आज सकाळच्या धुक्यातच वर येऊन बसली होती. सूर्य शिंगांत उतरायचे दिवस पावसात चालले होते, आणि आज पहिल्यांदा आभाळ निवळलं होतं.

“पुसून टाकलाय मी तो,” ज्यांग म्हणाला. “सगळे पुसले. तुझा बाप गेला त्याच दिवशी.”

“तुम्ही काहीच पुसत नाही, काका. हललेले फोटोसुद्धा ठेवता. बाबा सांगायचे.”

“मो माझ्याबद्दल बोलायचा?”

“जेवताना. रोज.”

हे ऐकून ज्यांगच्या तोंडाचा कोपरा जरा वर गेला. रुइलानला त्याचाही राग आला.

दुपार कलली तसे बाकीचे वर येऊ लागले. छिन मावशी शेगडी आणि किटली घेऊन आली. ती तिथे तेलचहा विकायची, वर खारवलेले मुरमुरे टाकून. मंडळाचे अध्यक्ष वेइ आले, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. प्रत्येक जण ट्रायपॉडपाशी थबकायचा, ज्यांगकडे बघायचा आणि मुकाट्याने उतारावर जायचा.

मावशी थोडीच गप्प बसते. “काय गं, बापाची गादी चालवणार वाटतं. कॅमेरा कुठाय?”

“कॅमेरा नाही आणला.”

“मग त्या डोक्यावर काय ठेवणार?”

रुइलानने पिशवीतून वेताची टोपी काढली. ती ट्रायपॉडच्या डोक्यावर बसवली, स्क्रू सैल करून मधला दांडा पूर्ण वर ओढला आणि स्क्रू घट्ट केला. टोपी बरोबर तितक्या उंचीवर गेली जितक्या उंचीवर ती इतकी वर्षं असायची.

उतारावर दोघे-तिघे हसले. ज्यांग हसला नाही. तो आपल्या पायरीवर चढला, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बाजूला घेतला.

“अध्यक्ष,” तो म्हणाला, “हे काय चाललंय ते बघा.”

वेइ घसा खाकरत आले. “हे बघ पोरी, नियम आहे, मान्य. पण तो कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला आहे. टोपीला नाही.”

“नियमात कॅमेरा कुठे येतो?”

“येत नाही, पण धरलेलंच आहे ना. नाहीतर उद्या कुणी झाडू उभा करेल.”

“तुम्ही अर्धे लोक कॅमेरा बॅगेत घालून पत्ते कुटत बसता,” मावशी शेगडीवरूनच म्हणाली, “तेव्हा नुसते सांगाडेच उभे असतात. तेव्हा नाही कुणाला नियम सुचत.”

वेइंनी मावशीकडे पाहिलं नाही. ते ज्यांगकडे वळले. “लाओ ज्यांग, देऊन टाक ना एक फोटो. मयताचं काम आहे.”

“चेहरा त्याचा, फोटो माझा,” ज्यांग म्हणाला. “उजेड मी टाकला. बटण मी दाबलं. त्याने काय केलं? शिव्या दिल्या.”

“तरी पण मयताचं...”

“मयताचं काम मलाही पडलं होतं.” आता त्याच्या आवाजातलं इंजिन बंद झालं. “माझ्या बायकोने, श्यूमेइने, अंथरूण धरलं तेव्हा मी इथे, या खडकावर, तुम्हा सगळ्यांदेखत मोला म्हणालो की तिचा फोटो काढ. गावोगावच्या म्हाताऱ्यांचे काढतोस, हिचा एक काढ. सांगा हिला, काय म्हणाला तो.”

मावशी शेगडीत फुंकर घालत राहिली. शेगडी चांगली पेटलेली होती.

“काय म्हणाले?” रुइलानने विचारलं.

“म्हणाला, फांदी परत जोड, मग काढतो.”

नदीवरून एक नाव आवाज करत गेली.

“तुम्ही का नाही काढलात?” रुइलान म्हणाली. प्रश्न तोंडातून गेल्यावर तिला वाटलं, विचारायला नको होता.

“तिने काढू दिला नाही. म्हणाली, तुला दगड काढता येतात, माणूस मोला येतो. तिला मोच हवा होता.” त्याने लेन्सवर नसलेली धूळ पुसली. “तिच्या कबरीवर ओळखपत्रातला फोटो आहे. तुझ्या बापाच्याही असू दे.”

“मला हे माहीत नव्हतं.”

“आता झालं. उचल.”

तिने वाचलेल्या पुस्तकांत माणसं अशा वेळी मान खाली घालतात. बाबा चुकले होते, आणि नुसते चुकले नव्हते, वाईट वागले होते. ते तिला स्वच्छ दिसत होतं. घरी पालथ्या तबकडीसमोर बसलेली आईही तितकीच स्वच्छ दिसत होती.

“नाही,” ती म्हणाली. “आणि फांदी तुम्ही कापलीत.”

“कापली. मोडून लोंबत होती म्हणून कापली. मोडली कुणी? ही दगडांची पिशवी बघ. आधी ती ट्रायपॉडला नव्हता टांगत तो, फांदी वाकून चौकटीत यावी म्हणून फांदीला टांगायचा. हे नसेल सांगितलं जेवताना.”

नव्हतं सांगितलं. रुइलानने पिशवीकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

सूर्य उतरू लागला. धुकं नदीला धरून पसरलं होतं आणि त्यातून डोंगर एकामागे एक वर निघाले होते, पुढचा काळा, त्यामागचा निळा, त्यामागचा असा की आहे म्हणावा की नाही. मग उजेड आडवा झाला आणि धुक्याला आतून आग लागल्यासारखं झालं. असा संधिप्रकाश बघायला बाबा आयुष्यभर या खडकावर आले आणि नेमक्या त्याच घटकेला पाठ फिरवून भांडत राहिले, हे तिच्या आता ध्यानात आलं. तिने स्वतःही आज पहिल्यांदाच तो पाहिला होता.

“टोपी खाली घे,” मागून ज्यांग म्हणाला. हळू आवाजात.

“फोटो.”

तो डावीकडे सरकला, तिथे पाइनचं खोड मध्ये आलं. उजवीकडे दरी होती. त्याने कॅमेरा सोडवून हातांत धरला, डोक्याच्या वर उचलला. चौकट एका जागी ठरेना. सूर्य दोन्ही शिंगांच्या टोकांमध्ये आला होता, मोठा आणि बुडाशी किंचित चपटा. उतारावरून शटरचे आवाज सुरू झाले.

“इतकी वर्षं,” ज्यांग म्हणाला, “इतकी वर्षं मी टोपी नसलेल्या एका संध्याकाळची वाट बघितली.”

म्हणजे कशाची वाट बघितली, ते त्याचं त्यालाही ऐकू आलं असावं. मग त्याने खिशातून फोन काढला.

तिचा फोन थरथरला. बाबा. टोपीपासून छातीपर्यंत. तिने दोन बोटांनी चेहरा मोठा केला. डोळ्यांचे चौकोन झाले.

“हा बारीक करून पाठवलात. मूळ पाठवा.”

“मूळ जड आहे. इथे रेंज कुठे आहे?”

“मग जड पाठवा.”

ज्यांगने बाबांच्याच वळणाची एक शिवी हासडली आणि पुन्हा बोट दाबलं. तिच्या पडद्यावर एक बारीक रेघ उमटली आणि मुंगीच्या पायांनी सरकायला लागली. सूर्य तिच्याहून वेगात होता.

“फोन बंद करा रे सगळे,” ज्यांग ओरडला. “नेट सोडा.”

“माझं थेट प्रक्षेपण चालू आहे, लाओ ज्यांग,” उतारावरून कुणीतरी म्हणालं. “लोक बघताहेत.”

“तुझे लोक गेले खड्ड्यात.”

वेइंनी आपला फोन बंद केला आणि तो केल्याचं सगळ्यांना दाखवलं. मावशीनेही केला. रेघ अर्ध्यावर आली, थांबली, पुन्हा हलली. सूर्याची खालची कड शिंगांच्या खाचेत टेकली. रुइलानचा एक हात दांड्याच्या स्क्रूवर होता. मागून येणारा श्वास तिला मानेवर लागेल इतका जवळ होता, पण ज्यांगचा हात ट्रायपॉडकडे आला नाही. तेवढा नियम त्याने पाळला.

रेघ पूर्ण झाली. तिने फोटो उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला. मागे लाल डोंगर, आणि पुढे फ्लॅशच्या पांढऱ्या उजेडात बाबांचा सबंध चेहरा: हनुवटीवरचे दाढीचे राहून गेलेले खुंट, खालच्या जबड्यातला कोपरा उडालेला दात, डोळ्यांत फ्लॅशचा एकेक ठिपका. काही हललेलं नव्हतं.

तिने स्क्रू सोडला. टोपी दांड्यासकट खाली गेली.

खाचेत नखाच्या कोरेएवढा सूर्य उरला होता. ज्यांगचं शटर तडतडलं, आणि थांबलं तेव्हा तिथे काही नव्हतं.

“तुझ्या बापापेक्षा वाईट आहेस तू,” तो म्हणाला.

“हो,” रुइलान म्हणाली. तिने ट्रायपॉडची पिशवी सोडली, आतले दगड पाइनच्या बुडाशी ओतले आणि खाली उतरली.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाऊस लागला. त्या पावसात तिने बाबांचे सगळे फोटो उघडून पाहिले. डोंगर होते, आणि निळ्या पडद्यासमोर बसलेल्या गावोगावच्या म्हाताऱ्या होत्या, कुणी तोंडावर हात धरून हसणाऱ्या, कुणी श्वास रोखलेल्या. नाव माहीत नसलेले चेहरे तिने आईला दाखवून विचारले. श्यूमेइ त्यांत नव्हती.

छिंगमिंगला त्या दोघी कबरीवर गेल्या. आईने गवत उपटलं, तारोच्या कंदाच्या फोडी आणि चिकट भात मांडला, दारूचा पेला ओतला, सिगारेट पेटवून दगडाच्या फटीत खोचली. मग ओल्या फडक्याने नवी तबकडी पुसली. कबरींच्या सगळ्या उतारावर चेहरे होते, गंभीर, शांत, एकाच साच्यातून काढल्यासारखे, आणि त्यांच्यात हा एक माणूस तोंड वासून ओरडत होता. शेजारच्या कबरीवर आलेल्या कुटुंबातल्या सुनेने तो पाहिला आणि हातातली फुलं घेऊन ती जरा लांबून गेली.

“ओरडा आता,” आई म्हणाली. “कोण अडवतंय.”

आईच्या पिशवीत बाबांचा फोन वाजला. ज्यांगने त्या संध्याकाळचा फोटो आज ग्रुपवर टाकला होता. जळतं धुकं, काळी शिंगं, खाचेत सूर्याची कोर. खालच्या कडेला, अगदी मधोमध, वेताचा एक गोल काठ.

‘लाओ ज्यांग, खाली ते काय आलंय?’ कुणीतरी विचारलं होतं.

‘काय आलंय ते दिसत नाही का,’ ज्यांगने लिहिलं होतं.

रुइलानने बाबांचा फोन हातात घेतला. तिने स्टिकरांत जाऊन बाबांचा चेहरा निवडला आणि बाबांच्या नावाने पाठवून दिला. बाजूला हो.

आईने तारोची एक फोड कबरीवरून उचलून तिच्या हातावर ठेवली, एक स्वतः घेतली. दोघी खात असताना ज्यांगचं उत्तर आलं.

‘आधी तू हो.’